लाजेची किंमत

जे दुखणे चारचौघांत सांगता येते, त्याला डॉक्टर मिळतो. जे सांगता येत नाही, त्याची बोळवण औषधाच्या दुकानातील मलमावर होते. जननेंद्रियाच्या त्वचेचे जुनाट दाहक विकार या दुसऱ्या वर्गात मोडतात.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. तो अभ्यास त्वचारोगांपुरता नव्हता, हे खरे. परंतु न सांगितलेले दुखणे म्हणजे नसलेले दुखणे नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

निदानाचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. गजकर्ण आणि लायकेन स्क्लेरोसस या दोहोंत खाज सुटते. उपचार मात्र परस्परविरुद्ध. गजकर्णावर स्टिरॉइडचे मलम लावल्यास खाज तात्पुरती शमते. बुरशी मात्र फोफावते आणि ओळखूही येईनाशी होते. उलट, लायकेन स्क्लेरोससवर वैद्यकीय देखरेखीखाली लावलेले तीव्र स्टिरॉइड हाच मुख्य उपचार. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत विशेषकरून आढळणाऱ्या, पण पुरुषांनाही होणाऱ्या या विकारात त्वचा पांढुरकी पडून आक्रसते. दुर्लक्ष झाल्यास थोड्या रोग्यांत पुढे कर्करोग उद्भवतो. हा विकार संसर्गजन्य नाही, आणि चारित्र्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. डॉक्टरने प्रत्यक्ष पाहणे, खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि शंका उरल्यास त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासणे, एवढ्याने बहुधा उलगडा होतो.

रोग्याला डॉक्टरइतकी माहिती नसते, म्हणून वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये दाखवले. येथे तर विकणारा व घेणारा दोघेही अंधारात! स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीविना विकू नयेत, यासाठी 2018 साली केंद्र सरकारने नियम कडक केले. परंतु तपासणीची सोय जवळ नसेल, तर चिठ्ठी आणायची कोठून? उमरेडहून नागपूरला जायचे म्हणजे बसभाडे आणि बुडालेला रोज, दोन्ही मोजावे लागतात.

म्हणून मागणी माफक आहे: तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस, आडोशाची खोली आणि स्त्री डॉक्टर. यास होणारा खर्च, आज लाजेपायी आपण मोजत असलेल्या किमतीहून खचितच कमी आहे.