कंपवात, रोजा आणि दुपारची गोळी

उर्दूत ज्याला रअशा म्हणतात आणि मराठीत कंपवात, त्याबद्दल आपल्या मोहल्ल्यांत दोनच मतं ऐकू येतात. एक, वय झालं. दुसरं, नजर लागली. माझ्या मामूंचा उजवा हात हलू लागला तेव्हा त्यांचं वय ५४ होतं, त्यामुळे पहिलं मत कुणाला पटेना आणि दुसऱ्या मतात दीड वर्ष गेलं. तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं. दुआला माझा विरोध नाही, मीही करते. पण दुआ करत करत न्यूरॉलॉजिस्टकडेही जाता येतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी अक्षरावर जाते. मामू दुकानाची वही उर्दूत लिहायचे. ओळ उजवीकडून ठसठशीत सुरू व्हायची आणि डावीकडे पोचेपर्यंत मुंगीएवढी व्हायची. या आजारात अक्षर असं बारीक होत जातं. चेहऱ्यावरचे भावही कमी होतात. मामू सलामाला पूर्वीसारखे हसेनात, तर लोक म्हणू लागले, पैसा आला आणि घमेंड आली!

खरं कारण मेंदूत आहे. मध्यमेंदूत एक काळसर भाग असतो, तिथल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करायला, तिचा वेग सांभाळायला ते लागतं. पार्किन्सनमध्ये या पेशी मरत जातात आणि हालचालीची लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. कंप येतो तो बहुधा हात मांडीवर निवांत असताना, सेकंदाला चार ते सहा वेळा. अंगठा आणि बोट असे फिरतात की माणूस तसबीह फिरवतोय असं वाटावं. पेला उचलायला हात पुढे केला की तो बऱ्याचदा कमी होतो. ज्याचा हात पेला उचलतानाच हलतो, त्याचा आजार अनेकदा वेगळा असतो आणि औषधही वेगळं. काहींना तर कंप नसतोच, फक्त मंदपणा आणि ताठरपणा असतो. म्हणून नुसता हात बघून कुणी निदान करू नये, शेजाऱ्याने नाही आणि हकीमसाहेबांनीही नाही.

या शोधात आपल्या मातीचाही वाटा आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये हीच वनस्पती रक्तदाबावर कशी चालते ते जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन निघालं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात ते सशांना दिलं, तर ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं, तर उठून हालचाल करू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आज पार्किन्सनचं मुख्य औषध हेच लेव्होडोपा आहे. डोपामाइन थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं.

आता मूळ मुद्दा. या गोळीचा असर काही तासच टिकतो, म्हणून ती दिवसातून तीन-चार वेळा, काहींना त्याहून जास्त वेळा लागते. रोजा आपल्याकडे तेरा-चौदा तासांचा. मधली गोळी गाळली की दुपारपर्यंत माणूस खिळून बसतो. सगळी औषधं एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठरून, ताप चढून जिवावर बेतू शकतं. वर सहरीला खिमा, अंडी, दूध. या प्रथिनांची गोळीशी स्पर्धा लागते आणि औषध शरीरात नीट पोचत नाही. बहुतेकांना गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते ती यासाठीच. कौंचबीजाच्या, म्हणजे खाजकुइलीच्या पुडीतही लेव्होडोपा असतं. डॉक्टरांना न सांगता ती सोबत चालू केली तर डोस किती झाला ते कुणालाच कळत नाही.

आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनात आहे. बरा होण्यासारखा आजार नसेल तर फिदया आहे. उभं राहणं जमत नसेल तर बसून नमाज आहे. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी रमजानमध्ये मामू दोनची गोळी आतल्या खोलीत, दार लावून घेतात. एवढी लाज त्यांना कुणी शिकवली? आपणच. हिंडताफिरता माणूस रोजा का ठेवत नाही, ही चौकशी चहाच्या टपरीपासून मशिदीच्या पायरीपर्यंत चालते. रमजानआधीच्या जुम्याला इमामसाहेबांनी या आजाराचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलावीत, एवढी माझी मागणी आहे.

आणि घरच्यांनी शाबानमध्येच डॉक्टरांची भेट घ्यावी. वेळापत्रक बदलता येईल का, जास्त वेळ टिकणारी गोळी चालेल का, हे विचारावं. कुणाला जमेल, कुणाला नाही. पण चांद दिसल्यावर स्वतःच्या मनाने गोळ्या गाळू नका.