विश्लेषण : छळाची साधने संग्रहालयात गेली, कबुलीचा मोह गेला का?

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील रोथेनबुर्ग या तटबंदीच्या शहरात मध्ययुगीन न्यायव्यवस्थेचे संग्रहालय आहे. काटेरी खुर्ची, अंगठे चिरडणारे चाप, अपमानासाठी घालायचे लोखंडी मुखवटे पाहून पर्यटकांच्या अंगावर काटा येतो. पण या साधनांमागचा कायदा अधिक अस्वस्थ करणारा आहे.

‘आयर्न मेडन’ खरी होती?

आतून खिळे असलेली ही माणसाच्या उंचीची पेटी मध्ययुगीन क्रौर्याचे प्रतीक मानली जाते. प्रत्यक्षात मध्ययुगात तिचा वापर झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तिच्या कथा पसरल्या त्या १८व्या शतकाच्या अखेरीपासून.

मग छळ कायदेशीर होता?

होय. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या १५३२च्या फौजदारी संहितेनुसार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवण्यासाठी आरोपीची कबुली किंवा दोन विश्वासार्ह साक्षीदार लागत. केवळ परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा नसे. मात्र संशय बळकट असेल, तर छळ करून कबुली घेण्याची मुभा होती. निरपराधाला शिक्षा होऊ नये म्हणून घातलेली अटच अशी छळाचे कारण ठरली. चेटूक केल्याचा आरोप झालेल्या स्त्रियांनी तर हवेतून उडाल्याच्याही कबुल्या दिल्या! बव्हेरियात ही पद्धत बंद व्हायला १८०६ साल उजाडले.

भारतात काय स्थिती आहे?

ब्रिटिश काळात, १८५५मध्ये मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने पोलीस आणि महसूल कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या छळाची नोंद केली. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे तत्त्व १८७२च्या पुरावा कायद्यात आले आणि भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. मात्र त्या जबाबातून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये डी. के. बसू खटल्यात नियम घालून दिले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये स्वाक्षरी केली. त्याला अंतिम मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही.

धडा कोणता?

‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ ही बातमी मोबाइलवर झळकताच अनेकांच्या लेखी खटला संपतो. कबुली कुठे आणि कशी मिळाली, हे विचारले जात नाही. उलट ‘थर्ड डिग्री’ द्या, अशी मागणी होते. हा प्रश्न विचारणे समाजाने सोडले, तर संग्रहालयातील साधने गंजली तरी त्यांच्यामागची वृत्ती गंजत नाही.