‘वकिलीच का?’ हे लिहिताना

सनद हातात आली की अर्ज सुरू होतात. कुणाला सीनियरच्या चेंबरमध्ये ज्युनिअर व्हायचं असतं, कुणाला लॉ फर्म हवी असते, कुणाला बँकेचा विधी विभाग. सगळीकडे विचारतात, वकिलीच का? आणि बहुतेक अर्ज लहानपणापासूनच्या अन्यायाच्या चिडीवर येऊन थांबतात. चीड खरी असेलही, पण वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही कोण ते कळत नाही.

घरात जमिनीचा दावा चालू असेल तर जरूर लिहा. मात्र ‘आम्ही फार भोगलं’ एवढ्यावर सोडू नका. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा, हे पाहून तुम्ही काय केलंत? जुने फेरफार काढून वाचलेत का? नुसत्या फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, हे समजल्यावर पुढचं वाचावंसं वाटलं असेल, तर तुमचं कारण तिथेच आहे.

इंटर्नशिपचंही तसंच. ‘अमुक वकिलांकडे खूप शिकलो’ असं सगळेच लिहितात. त्याऐवजी चेक न वटल्याच्या एखाद्या प्रकरणाबद्दल लिहा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. या तारखांचा तक्ता तुम्ही केला असेल आणि असं काम तुम्हाला रटाळ वाटत नसेल, तर सीनियरला हवा असलेला ज्युनिअर तुम्हीच.

बारावीनंतर ठरवून काही आला नसाल, सीईटीत मार्क पडले म्हणून आला असाल, तर तेही लिहायला हरकत नाही. फक्त नंतर का टिकलात ते सांगा.

एकच परिच्छेद सगळीकडे पाठवू नका. बँकेला गहाणखतं आणि कर्जवसुलीत रस असलेला माणूस हवा असतो. तिथे फौजदारी कोर्टातल्या उलटतपासणीचं वेड कशाला सांगायचं?

आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांना एक सांगणं. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तेवढी वर्षं भरायला चेंबर शोधत असाल तर अर्जात जन्मभराच्या वकिलीच्या आणाभाका घेऊ नका. भेटीत सरळ सांगा, आणि तीन वर्षांत कोणती कामं अंगावर घ्याल तेही सांगा. काही सीनियर नकार देतील. पण जे ठेवून घेतील त्यांच्याकडे निदान लपवाछपवी करावी लागणार नाही.