कॉलेजचा संघ दिवाळीला का फुटतो?

बीड : दिल्लीत १९ जानेवारी २०२५ रोजी भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. कर्णधार होती प्रियंका इंगळे. मूळ गाव कळमअंबा, तालुका केज. राज्य सरकारनं सव्वादोन कोटींचं बक्षीस आणि नोकरी जाहीर केली, जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. व्हायलाच पाहिजे होता. पण त्या आनंदात एक प्रश्न कुणी विचारला नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या कॉलेजांत आज मुलींचा खो-खोचा संघ आहे का? असला तर तो दिवाळीनंतर मैदानावर दिसतो का?

मी कॉलेजच्या कबड्डी आणि खो-खोचा जुना शौकीन आहे. प्रो कबड्डी टीव्हीवर बघतो, पण जीव अडकतो तो आंतरमहाविद्यालयीन सामन्यात. कारण तिथला डावा कोपरा कुणाचा तरी पुतण्या असतो आणि चढाईला जाणारा गडी सकाळी दूध घालून आलेला असतो. लीगमध्ये संघ लिलावात तयार होतो, कॉलेजचा संघ गावागावांतून तयार होतो. म्हणून हा खेळ आपला. आणि म्हणूनच तो डोळ्यांदेखत विरळ होत चाललाय हे बोललं पाहिजे.

मोठी नावं, पण वाट वेगळी

जिल्ह्याची क्रीडा क्षेत्रातली तीन नावं आज देशाला माहीत आहेत. पहिला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट करणारं हे पोरगं बारावी होताच सैन्यात गेलं, ५ महारमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असं फिरून मग स्टीपलचेसला लागलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावलेला तो पहिला भारतीय पुरुष.

दुसरी प्रियंका. तिचं कुटुंब पोटापाण्यासाठी पुण्याकडं गेलं आणि ती तिकडंच खो-खो शिकली, तिकडंच घडली. तिसरा बीडचा सचिन धस. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची अवस्था ४ बाद ३२ होती, तिथून त्यानं ९६ धावा काढून सामना ओढून आणला. त्याचा खेळ क्लबच्या आणि असोसिएशनच्या क्रिकेटमधून वर आला.

तिघांचंही कौतुक करावं तेवढं थोडं. पण बारकाईनं बघा. एक सैन्यातून घडला, एक पुण्यातून, एक क्रिकेटच्या वेगळ्या यंत्रणेतून. जिल्ह्यातल्या कॉलेजच्या संघातून वर गेलेलं यात कुणीच नाही. शाळेपासून देशापर्यंतच्या जिन्यात कॉलेज ही मधली पायरी. आपल्याकडं तीच पायरी मोडकी आहे. ज्याच्यात दम आहे तो ती ओलांडून उडी मारतो. बाकीचे शंभरजण तिथंच थांबतात.

हंगाम आणि कोयता

पायरी का मोडली? लोक म्हणतात मैदान नाही, मॅट नाही, निधी नाही. यात तथ्य आहे, पण हे पहिलं कारण नाही. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठा जागा. खो-खोला २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. बास्केटबॉललाही साधारण तेवढीच जागा लागते, पण तिथं पक्कं कोर्ट आणि रिंग हवी. कबड्डी-खो-खोला चुन्याची फक्की आणि दोन खांब पुरतात. एवढी जागा नाही असं कॉलेज जिल्ह्यात शोधावं लागेल.

खरं कारण कॅलेंडरमध्ये आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा सरता सरता सुरू होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, पुढं अखिल भारतीय. दिवाळीच्या मागंपुढं हा हंगाम ऐन भरात असतो. नेमका त्याच वेळी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात.

मुकादमाकडून उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्या घरात बापाची कंबर गेलीय किंवा आई आजारी आहे, तिथं कॉलेजातलं पोरगं अर्धा कोयता म्हणून उभं राहतं. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. समोर कॉलेजचा संघ त्या पोराला काय देतो? एक जर्सी आणि प्रवासखर्च, तोही पावत्या जोडल्यावर. घरची उचल फेडायची आहे आणि प्रशिक्षक म्हणतात शिबिराला थांब. पोरगं कुठं जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

माझ्या बघण्यातल्या एका कॉलेजच्या कबड्डी संघाची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. गणपतीत सराव बघितला तेव्हा वाटलं, यंदा हा संघ विभागाचा चषक आणणार. उजवा कोपरा आणि मधला चढाईपटू असे होते की पकड सुटेना आणि चढाई रिकामी जाईना. दसऱ्यानंतर दोघंही टोळीबरोबर गेले. ज्याला राखीव म्हणूनही कुणी घेतलं नसतं तो कोपऱ्यावर उभा राहिला. पहिल्याच सामन्यात दोन लोण बसले. निकालाच्या कागदावर लिहिलं गेलं 'पराभूत'. का पराभूत, हे लिहायला त्या कागदावर जागाच नसते.

मुलींच्या संघाला दुहेरी मार

मुलींचं तर आणखी अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे ज्या वयात पोरगी कॉलेजच्या संघात यायची, त्या वयात निम्म्याच्या आसपास पोरी सासरी असतात. आई-बाप तोडीला जाताना वयात आलेली पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यामागचा मोठा घोर. कुणी हौसेनं करत नाही.

इथं खेळाचा उपयोग पदकापेक्षा मोठा आहे. पोरगी संघात असली की तिला कॉलेजला रोज जायला कारण मिळतं. तिच्या मागं एक शिक्षक उभा राहतो, अकरा मैत्रिणी उभ्या राहतात. 'तिची मॅच आहे, एवढं वर्ष जाऊ द्या' हे वाक्य बापाला सांगायला सोपं जातं. एक वर्ष पुढं ढकललं की पुढचंही ढकलतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना सरकारनं आणली ती याच काळजीपोटी. पण वसतिगृह आणि कॉलेजचं क्रीडांगण यांची गाठ अजून कुणी घातलेली नाही. खेळाडू पोरगा-पोरगी हंगामभर राहतील आणि दोन वेळ पोटभर जेवतील, एवढी सोय झाली तर निम्मा संघ फुटायचा थांबेल.

खेळ कमी, कागद जास्त

दुसरा रोग प्रमाणपत्राचा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. योजना चांगल्याच आहेत. गरिबाच्या पोराला खेळातून भाकरी मिळत असेल तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण यामुळं ज्या खेळात गर्दी कमी आणि प्रमाणपत्र सोपं, तिकडं ओढा गेला. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागल्याचं प्रकरण मराठवाड्यानं पाहिलंच आहे. ज्यांनी ट्रॅम्पोलिन डोळ्यांनी पाहिली नाही ते त्यात प्रवीण निघाले. त्याचा फटका बसला तो ढोपरं फोडून घेणाऱ्या खऱ्या गड्याला, कारण त्याचंही प्रमाणपत्र आता संशयानं बघितलं जातं.

माझं मत साधं आहे. जिथं बघणारं कुणी नसतं तिथं बोगसगिरी शिरते. भर मैदानात पाचशे माणसांसमोर खेळलेला गडी बोगस ठरवता येत नाही आणि न खेळलेला गडी खेळाडू ठरवता येत नाही. प्रेक्षक हीच सगळ्यात स्वस्त पडताळणी. आणि आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक किती? दोन्हीकडचे राखीव गडी, क्रीडा विभागाचे चार प्राध्यापक आणि चहावाला. सामना कधी, कुठं, कुणाचा, हे गावाला कळतच नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती पाहुण्यांच्या नावांनी भरलेली, गुणफलक शेवटच्या ओळीत.

मका पिकवणाऱ्या राज्याचं उदाहरण

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरं पाळणं हा तिथला धंदा. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ त्या राज्याचा नाही. मग लोक कुणासाठी ओरडतात? कॉलेजच्या संघासाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल सामना फुटबॉलच्या मैदानात भरवला, तर ५५ हजार ६४६ माणसं बघायला आली. त्याच संघातली केटलिन क्लार्क ही तिथल्याच राज्यातली पोरगी. बाहेरच्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे उघडे असताना ती घरच्या राज्यात खेळली. एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात आयोवा हरलं, पण तो सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त.

तिथंही सगळं गोडच आहे असं नाही. वर्षानुवर्षं विद्यापीठांनी या पोरांच्या जिवावर पैसा कमावला आणि पोरांना फक्त शिष्यवृत्ती दिली. कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठं २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि विद्यापीठांकडून थेट पैसे मिळायला २०२५ उजाडलं. आता चांगला गडी दरवर्षी जास्त पैसे देणाऱ्याकडं जातो म्हणून तिथले चाहते कुरकुरतात. आपल्याकडं पैशाविनाच हे होतं. बरा खेळणारा पोरगा पुणे किंवा कोल्हापूरकडं जातो, कारण तिथं राहायची-खायची सोय होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आयोवाकडून घ्यायचं ते एकच. शेतकऱ्यांच्या मुलखात मोठा संघ नसला तरी कॉलेजचा संघ गावाचा होऊ शकतो, आणि गाव बघायला आलं की मुलींचा खेळ मुलांच्या पुढंही जातो.

यात्रेचा फड मोकळा आहे

मग करायचं काय? विद्यापीठाचं वेळापत्रक एकट्या बीडसाठी बदलणार नाही, कारण ते देशाच्या स्पर्धांना बांधलेलं आहे. पण त्याच्या जोडीला जिल्ह्याचं आपलं वेळापत्रक करायला कुणी अडवलेलं नाही.

कुस्ती आपल्याकडं कशावर टिकली? सरकारी निधीवर नाही, यात्रेवर. पाडव्यानंतर गावोगाव यात्रा भरतात, टोळ्या परत आलेल्या असतात, हातात थोडा पैसा असतो, पाव्हणेरावळे असतात. फड आखला की नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत माणूस हलत नाही. त्याच फडाशेजारी दोन कॉलेजांचा कबड्डीचा सामना, दोन कॉलेजांच्या मुलींचा खो-खोचा सामना ठेवायला किती खर्च येतो? पंचांचं मानधन, गाडीभाडं आणि दोन वेळचं जेवण. प्रेक्षक आयता बसलेला असतो. ज्या बापानं पोरीला कधी सूर मारून खांबाला गडी टिपताना पाहिलं नाही, तो एकदा पाहील. पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्यावर तिच्या लग्नाचा विषय त्या वर्षी निघणार नाही, असं मला वाटतं.

देशानं २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला घेतल्यात, २०३६ च्या ऑलिंपिकची भाषा चालू आहे. कोट्यवधींची क्रीडानगरी उभी राहील. बीडच्या पोरांना त्यातलं काय मिळेल ते मिळो, खालच्या तीन गोष्टींना मात्र दिल्लीची परवानगी लागत नाही.

पहिली, प्रत्येक कॉलेजनं आपल्या संघाचं सामन्यांचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या ग्रुपवर आठ दिवस आधी टाकावं. दुसरी, दसरा ते संक्रांत या काळात ऊसतोड कुटुंबातल्या खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहात किंवा कॉलेजात व्हावी. बारा-पंधरा पोरांची मेस हा एवढ्या मोठ्या जिल्ह्याला जड विषय नाही. तिसरी, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि यात्रा कमिट्यांनी एकत्र बसून येत्या पाडव्यापासून तालुक्याला एका यात्रेत तरी कॉलेजचे सामने ठेवावेत, त्यात एक सामना मुलींचाच.

बीडचं बलभीम, अंबाजोगाईचं योगेश्वरी, परळीचं वैद्यनाथ ही कॉलेजं जुनी आहेत, त्यांच्या मागं माजी विद्यार्थ्यांची मोठी फळी आहे. त्यांनी मनावर घेतलं तर सुरुवात अवघड नाही. यात्रा कमिट्यांच्या बैठका संक्रांतीनंतर सुरू होतात. ज्यांचा पोरगा किंवा पोरगी कॉलेजच्या संघात आहे, त्यांनी आपल्या गावच्या बैठकीत हा विषय काढावा.