गाण्यांपाशी अडलेला सिनेमा

१९९० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या सिनेमांची दुसरी यादी जाहीर केली. यादीत २५ नावं. त्यात ‘द गॉडफादर’ होता, ‘रेजिंग बुल’ होता, आणि त्यांच्याच रांगेत ‘किलर ऑफ शीप’ नावाचा एक कृष्णधवल सिनेमा होता, एका विद्यार्थ्याने दहा हजार डॉलरच्या आत पुरा केलेला. ‘गॉडफादर’ची कॅसेट भाड्याने आणून कोणीही बघत असे. ‘किलर ऑफ शीप’ मात्र थिएटरात रीतसर लागलेलाच नव्हता. देशाचा ठेवा ठरलेला हा सिनेमा देशातल्या बहुतेकांना बघायलाच मिळत नव्हता, आणि ही अवस्था पुढे आणखी सतरा वर्षं टिकली.

तो विद्यार्थी म्हणजे चार्ल्स बर्नेट. जन्म मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा, लहानपण लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतलं. तिथल्याच यूसीएलए या विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी सिनेमा करायचा होता, तो त्याने आपल्याच वस्तीत केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती सगळं त्याचंच. कॅमेरा १६ मिमीचा, आणि चित्रण बहुतेक शनिवार-रविवारी, १९७२-७३ मध्ये. नायकाच्या भूमिकेसाठी मनात असलेला माणूस तुरुंगात होता. त्याची पॅरोलवर सुटका लांबत गेली, तेव्हा व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून जाऊन आलेल्या हेन्री गेल सँडर्सला ती भूमिका मिळाली. छोट्या मुलीच्या भूमिकेत बर्नेटची पुतणी होती. बाकी वस्तीतली माणसं, आणि वस्तीतली मुलं तर ढिगाने.

सिनेमाचा नायक स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या सोलायचं काम करतो. रात्री त्याला झोप लागत नाही, बायकोच्या जवळ जावंसं वाटत नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण दृश्यं अशी की एकदा पाहिली की डोळ्यांसमोरून हलत नाहीत. स्टॅन आणि त्याचा मित्र गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, ते अवजड धूड जिन्यावरून कसंबसं उतरवतात आणि ट्रकच्या अगदी कडेला ठेवतात. बोट चेंगरलेला मित्र ते आणखी आत ढकलायला तयार नाही. ट्रक चढावर सुरू होतो, इंजिन रस्त्यावर पडतं आणि फुटतं. दोघं उतरून बघतात आणि निघून जातात. पाठीमागे रोखलेल्या कॅमेऱ्यात ते इंजिन लहान लहान होत जातं. पगार, कष्ट, एका शनिवारची उमेद, सगळं त्या एका दृश्यात वाया जातं, आणि बर्नेट कोणाच्याही तोंडी हळहळीचा शब्द घालत नाही. गरिबीवरच्या किती सिनेमांना हा संयम जमला आहे?

१९७७ मध्ये सिनेमा विद्यापीठात सादर झाला. १९८१ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. महोत्सव, संग्रहालयं, महाविद्यालयं यांच्यात १६ मिमीच्या प्रिंट फिरत राहिल्या, झिजत राहिल्या. रीतसर प्रदर्शन मात्र होईना. अडसर होता गाण्यांचा.

बर्नेटने सिनेमात आपल्या आवडीच्या रेकॉर्ड वापरल्या होत्या. डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग, एल्मोर जेम्स, ‘अर्थ, विंड अँड फायर’. वर्गात दाखवायच्या सिनेमासाठी परवान्यांचा विचार कोण करतो? पण तिकीट लावायचं तर प्रत्येक गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात. एक गाण्याचे हक्क असलेल्या प्रकाशकाची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाचा मालक असलेल्या कंपनीची. थिएटरसाठी मिळालेली परवानगी डिस्कलाही चालेल, असंही नाही. आपल्याकडे बहुतेक गाणी सिनेमासाठीच बांधली जातात, म्हणून हा गुंता आपल्या प्रेक्षकाला चटकन लक्षात येत नाही.

मग गाणी बदलून टाकायची, स्वस्तातलं संगीत भरायचं, असं कोणालाही सुचेल. या सिनेमात ते चालणारं नव्हतं. वॉट्समधली कितीतरी कुटुंबं बर्नेटच्या कुटुंबासारखीच दक्षिणेतून स्थलांतर करून आलेली. घर, शेत, नातलग मागे राहिले. सोबत आली ती बोलण्याची ढब आणि ब्लूज. भंगारात खेळणाऱ्या मुलांवर रोबसनच्या धीरगंभीर आवाजातलं अमेरिकेवरचं गाणं येतं, तेव्हा त्या गाण्यातला देश आणि समोरची धूळ यांतलं अंतर आपोआप दिसतं. स्टॅनची मुलगी बाहुलीसमोर ‘अर्थ, विंड अँड फायर’चं गाणं म्हणते, शब्द येत नाहीत तरी पूर्ण जीव ओतून. आणि ‘धिस बिटर अर्थ’वर स्टॅन बायकोबरोबर खिडकीपाशी संथ नाचतो, गाणं संपतं, ती त्याला बिलगते आणि तो तिला सोडून निघून जातो. या नवराबायकोत जे बोललं जात नाही ते डायना वॉशिंग्टन बोलते. तिचा आवाज काढला तर ते दृश्यच उरत नाही.

हे ओळखून माइलस्टोन फिल्म्स या छोट्या वितरण संस्थेच्या डेनिस डोरॉस आणि एमी हेलर या दांपत्याने वर्षानुवर्षं एकेका हक्काचा पाठपुरावा केला. यूसीएलएच्या अभिलेखागारात रॉस लिपमनने सिनेमा दुरुस्त करून ३५ मिमीवर आणला. गाण्यांचा खर्च आला दीड लाख डॉलर, म्हणजे मूळ सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापटीहून अधिक. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने त्याला हातभार लावला. मार्च २००७ मध्ये ‘किलर ऑफ शीप’ अखेर थिएटरात लागला आणि त्याच नोव्हेंबरात दोन डिस्कचा डीव्हीडी संच आला.

एक गाणं मात्र सुटलं नाही. सिनेमाच्या शेवटी मेंढ्या कत्तलीकडे हाकल्या जातात, तेव्हा मूळ प्रतीत डायना वॉशिंग्टनचंच ‘अनफर्गेटेबल’ होतं. त्याचा हक्क न मिळाल्याने तिथे ‘धिस बिटर अर्थ’ पुन्हा वाजवलं गेलं. बदल छोटा नाही. कडवटपणाचं गाणं दुसऱ्यांदा आलं की शेवट सगळं उमगून हताश झाल्यासारखा वाटतो. प्रेमाचं, आठवणीचं गाणं त्या मेंढ्यांवर आलं की प्रेक्षकाला कुठे उभं राहावं कळत नाही, आणि बर्नेटचा सिनेमा तसाच आहे, प्रेक्षकाला सोपी जागा न देणारा. २०२५ मध्ये नव्या ४के आवृत्तीत ‘अनफर्गेटेबल’ जागेवर परतलं, आणि त्याच वर्षी सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीने ती घरगुती डिस्कवर आणली. विद्यापीठातल्या त्या पहिल्या खेळापासून मोजलं तर ४८ वर्षं झाली होती.

म्हणून आज सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्याने नवी आवृत्तीच शोधावी. पण २००७ चा संच ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो मोडीत काढू नये. त्यात बर्नेटच्या विद्यार्थिदशेतले ‘सेव्हरल फ्रेंड्स’ आणि ‘द हॉर्स’ हे लघुपट आहेत आणि ‘माय ब्रदर्स वेडिंग’ हा १९८३ चा सिनेमाही आहे. त्या सिनेमाचा कच्चा कट घाईने न्यूयॉर्कच्या महोत्सवात दाखवला गेला, परीक्षण थंड आलं आणि वितरकांनी पाठ फिरवली. डीव्हीडीच्या निमित्ताने बर्नेट पुन्हा संकलनाला बसला, अर्ध्या तासाहून अधिक भाग कापला आणि त्याच्या मनातला सिनेमा चोवीस वर्षांनी तयार झाला. दुसरी डिस्क आधी या सिनेमासाठी लावावी.