बाबागाडी : सोय की शोभा?

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरात बाळाच्या आगमनाची चाहूल लागली की पूर्वी पाळण्याची चौकशी सुरू होई. तो पाळणा बहुधा मामाकडून, आत्याकडून किंवा शेजारच्या बिऱ्हाडातून येई. त्यात आधीची दोन-चार मुले वाढलेली असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. उलट तो शुभशकुनच मानला जाई. आज या चौकशीच्या जोडीला बाबागाडीची चौकशी आली आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील दुकानांत छत्रीसारखी मिटणारी, तीन-चार हजार रुपयांची साधी गाडी मिळते. तशीच लाखाच्या घरात जाणारी, परदेशी बनावटीची, रुंद चाकांची आणि उंची कापडाची गाडीही मिळते. यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आणि किरकोळ वाटतो. परंतु मध्यमवर्ग आपला पैसा कशासाठी खर्च करतो, त्या खर्चाचा उपभोग प्रत्यक्षात कोण घेतो आणि त्या उपभोगाच्या आड कोण येते, हे सारे प्रश्न या चार चाकांवर येऊन उभे राहिले आहेत.

शोभेकडून सोयीकडे

या वस्तूचा जन्म सोयीसाठी झालेला नाही. १७३३ साली इंग्लंडमधील विल्यम केंट या वास्तुकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी तयार केली. ती ढकलायची नव्हती. बकरीने किंवा लहानशा तट्टाने ओढायची होती. तेथे मुलाला कोठे न्यायचे नव्हते. मूल कोणाचे आहे, हे दाखवायचे होते. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या 'सिल्व्हर क्रॉस' या इंग्लिश कंपनीच्या मोठ्या, स्प्रिंग बसवलेल्या गाड्या दाईने बागेत हळूहळू ढकलाव्यात, अशाच डौलाच्या होत्या. ज्या घरात दाई आहे, प्रशस्त दार आहे आणि दारापुढे सपाट रस्ता आहे, त्या घरासाठी ती गाडी होती.

या परंपरेला छेद दिला तो १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेचा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थाने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून छत्रीसारखी मिटणारी, सुमारे तीन किलो वजनाची गाडी तयार केली. विमानाची चाके उड्डाणानंतर पोटात घ्यावी लागतात, त्यासाठी कमीत कमी वजनात मजबुती आणि कमीत कमी जागेत घडी साधावी लागते. तोच विचार त्याने मुलाच्या गाडीला लावला. त्यामुळे एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मिटलेली गाडी घेऊन आईला बसमध्ये चढता येऊ लागले. बाबागाडी ही दाईच्या हातातून आईच्या हातात आली, ती येथे.

परंतु सोयीची वस्तूही पुढे प्रतिष्ठेची होऊ शकते, आणि प्रतिष्ठेची वस्तू निर्दोष असतेच असे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये याच मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेतील सुमारे दहा लाख गाड्यांबाबत दुरुस्तीची मोहीम हाती घ्यावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा तक्रारी तेथे नोंदल्या गेल्या होत्या. नाव मोठे आणि किंमत मोठी म्हणून मूल अधिक सुरक्षित, हा समज किती पोकळ आहे, ते यावरून दिसावे.

घेणारा एक, ढकलणारा दुसरा

थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये विलासी वर्गाच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा करताना दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नव्हे, तर त्या महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात, हे त्याचे प्रतिपादन अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. 'हौसेला मोल नाही' ही आपल्याकडची म्हण जवळपास तेच सांगते. मात्र बाबागाडीच्या बाबतीत या हौसेला एक निराळे वळण आहे. साडी घेणारी ती नेसते, घड्याळ घेणारा ते वापरतो. बाबागाडी घेणारा एक, ढकलणारा दुसरा आणि तीत बसणारा तिसराच असतो. पुष्कळदा ती बारशाची भेट म्हणून येते, किंवा पहिल्या अपत्याच्या आनंदात बाप ती पसंत करतो. तिसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरवण्याचे काम मात्र आईकडे, गुडघे दुखत असलेल्या आजीकडे किंवा मूल सांभाळणाऱ्या बाईकडे येते. बसणाऱ्याला तर कापडाचा रंग कोणता आणि कंपनी कोणती, याचे सोयरसुतकही नसते. किंमत मोजणारा आणि कष्ट सोसणारा वेगळे असले की निवड चुकते. बाजाराचा दोष यात थोडा. घरातील निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, हा खरा मुद्दा आहे.

साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका कुटुंबाने चार हजारांची गाडी घेतली आणि दोन वर्षांत ती चारशे वेळा बाहेर काढली. प्रत्येक फेरीला दहा रुपये पडले. दुसऱ्या कुटुंबाने साठ हजारांची गाडी घेतली. ती बारा-तेरा किलोंची. जुन्या इमारतीच्या जिन्यावरून रोज उतरवणे अशक्य, रिक्षाच्या मागच्या जागेत ती मावत नाही, म्हणून ती रविवारी मॉलपुरती साठ वेळा निघाली. प्रत्येक फेरीला हजार रुपये पडले. उरलेले दिवस तिने दिवाणखान्यातील जागा अडवली. आणि उपनगरांतील जागेचा भाव पाहता तेही फुकट नाही. वस्तूची खरी किंमत तिच्यावरील चिठ्ठीवर नसते. ती किती वेळा आणि किती श्रमांत उपयोगी पडते, यावर असते.

तथापि, 'स्वस्त ते सोयीचे' असा सरधोपट निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. छत्रीसारख्या मिटणाऱ्या साध्या गाडीत पाठ पूर्ण आडवी होत नाही. त्यामुळे मान न धरणाऱ्या, अजून बसू न लागलेल्या तान्ह्या मुलासाठी ती योग्य नाही. लहान कडक चाके खड्ड्यांत अडकतात. ब्रेक नीट न लागणारी किंवा पट्टा सैल असणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी महागच पडते. महाग गाड्यांतील रुंद चाके आणि चांगल्या स्प्रिंगा ही निव्वळ चैन नव्हे. तेव्हा साधी विरुद्ध सुंदर असा हा झगडा नाही. वजन किती, एका हाताने घडी होते काय, घडी रिक्षात मावते काय, पट्टा खांद्यावरून आणि दोन पायांमधून बांधता येतो काय, ब्रेक उतारावर टिकतो काय, बिजागरी झाकलेली आहे काय, हे प्रश्न विचारून जी गाडी उतरेल ती घ्यावी. हे प्रश्न ढकलणाऱ्याने विचारावेत आणि गाडी उचलून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

रस्त्यावाचून गाडी

येथपर्यंतचा विचार कुटुंबाच्या हातातला झाला. परंतु या विवेचनातील सर्वांत कटू सत्य उंबऱ्याबाहेर आहे. अर्थशास्त्रात पूरक वस्तूंची एक संकल्पना आहे. चहा आणि साखर, पेन आणि शाई, तशी बाबागाडी आणि पदपथ ही जोडी आहे. एक वस्तू घरच्या पैशाने येते, दुसरी सार्वजनिक पैशातून यावी लागते. दुसरी आलीच नाही, तर पहिलीचे उपयोगमूल्य शून्याकडे झुकते आणि तिच्यात उरते ते केवळ शोभामूल्य. उपनगरांतील कुटुंबे दिखाऊ गाड्या घेतात, याचे एक कारण त्यांची हौस हे असेलही; परंतु सोयीच्या गाडीलाही चालवायला जागा नाही, हे त्याहून मोठे कारण आहे. जी वस्तू वापरताच येणार नाही, ती निदान दिसायला तरी चांगली असावी, असा विचार कोणी केला, तर त्याला अगदीच अविवेकी कसे म्हणावे?

नियम नाहीत असे नाही. 'इंडियन रोड्स काँग्रेस'च्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची अडथळारहित रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही रस्त्यांचा विचार वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवून करावा, असे सांगितले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. कागद भक्कम आहेत. परंतु उपनगरी स्थानकांच्या परिसरात पदपथ सुरू होतो तो विजेच्या पेटीपाशी संपतो. पुढे सुरू होतो तो गुडघाभर उंचीवर. आणि मधल्या भागात दुचाकी उभ्या असतात. फेरीवाल्यांवर सारे खापर फोडण्याची रीत आहे. पण २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी ज्या जागा आखून द्यायच्या होत्या त्या आखल्या न जाणे, हाही त्याच अनास्थेचा भाग आहे.

मेट्रोचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मार्ग सुरू झाला. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये दोन टप्प्यांत दहिसर ते अंधेरी असे दोन मार्ग खुले झाले. या स्थानकांत लिफ्ट आहेत, डब्याचा तळ आणि फलाट एका पातळीत आहेत. बाबागाडी घेऊन प्रवास करता येतो, हे मुंबईकराने प्रथम तेथे अनुभवले. पण ती लिफ्ट ज्या रस्त्यावर आणून सोडते, तेथे त्याच गाडीला रिक्षा आणि गटाराचे झाकण यांच्यामधून वाट काढावी लागते. कोट्यवधींची गुंतवणूक शेवटच्या दोनशे पावलांवर अडते.

याची किंमत कोण मोजते? ज्या आईला मूल कडेवर घेऊन अर्धा मैल चालवत नाही आणि गाडीवरून नेता येत नाही, ती घरी राहते. लसीकरणासाठी, बँकेच्या कामासाठी, पाळणाघरात मूल सोडून नोकरीवर जाण्यासाठी तिला दुसऱ्या माणसाची वाट पाहावी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, हे स्वागतार्हच होते. परंतु पाळणाघरापर्यंत मूल न्यायचे कसे, याचा विचार त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता. तो नगररचनेने करायचा होता.

करता येण्याजोगे

अमेरिकेतील बर्कले शहरात १९७० च्या दशकात चाकाची खुर्ची वापरणाऱ्या अपंग नागरिकांनी आग्रह धरला आणि पदपथांच्या कडांना उतार करून घेतले. त्या उतारांचा लाभ पुढे बाबागाडी ढकलणाऱ्या आयांना, सामान नेणाऱ्या हमालांना आणि वृद्धांनाही झाला. आपल्याकडेही दडपण आले की कामे होतात, याचा पुरावा आहे. २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात झालेल्या अपघातानंतर लोकांनी आवाज उठवला, उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि उपनगरी फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला गती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्क मानलेला आहे. चाकाच्या खुर्चीसाठी जो रस्ता योग्य, तो बाबागाडीसाठीही योग्य असतो. तेव्हा तरुण आईबापांनी आपली मागणी वेगळी न मांडता त्या मागणीत मिळवावी. प्रभागातील एकेका चौकाचा, एकेका उताराचा आग्रह धरावा.

कुटुंबांच्या पातळीवर याहून सोपी गोष्ट करता येईल. गाडीची गरज फार तर तीन वर्षांची असते. ज्या मराठी घरांत पहिल्या बाळाची अंगडी-टोपडी आणि पाळणा निःसंकोचपणे दुसऱ्या घरी जात असे, त्यांनी बाबागाडीच्या बाबतीत एवढे सोवळे का पाळावे? गृहनिर्माण संस्था सतरंज्या आणि खुर्च्या सामाईक ठेवतात. दोन-तीन चांगल्या, हलक्या गाड्या त्यांनी तळमजल्यावर ठेवल्या, तर जिन्याचा प्रश्न सुटेल, खर्च वाटला जाईल आणि वस्तू पडून राहणार नाही. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या राज्यात ही सूचना नवलाची वाटू नये.

हौसेचा अधिकार मध्यमवर्गालाही आहे. त्यावर नीतिपाठ देण्याचे कारण नाही. मात्र ज्या समाजात खासगी वस्तू दिवसेंदिवस उंची होत जातात आणि सार्वजनिक वस्तू दिवसेंदिवस हीन होत जातात, त्या समाजात उंची वस्तूही अखेर निरुपयोगी ठरतात. साठ हजारांच्या गाडीला आणि चार हजारांच्या गाडीला उपनगरातील खड्डा सारखाच अडवतो. बाबागाडी घेताना आईबापांनी ढकलणाऱ्याच्या पाठीचा विचार करावा आणि घेतल्यावर महापालिकेकडे रस्ता मागावा. यांतले पहिले काम एका दुपारी होते. दुसऱ्याला वर्षे लागतील. पण ते न झाले, तर आज गाडीत बसणारे मूलही उद्या आपले मूल कडेवर घेऊनच हा रस्ता ओलांडेल.