काठोकाठ टाकी हा उपाय नव्हे



'पावसाळ्यात प्रत्येक विमानाची टाकी काठोकाठ भरावी' ही गेल्या अंकातील मागणी काळजीपोटी केलेली आहे, पण ती मान्य झाली तर धोका वाढेल. बोइंग ७३७-८०० विमान उतरताना साधारण ६६ टनांच्या आत असावे लागते आणि हवेतच इंधन सोडून देण्याची सोय त्यात नाही. शिवाय जड विमानाला ओल्या धावपट्टीवर थांबायला जास्त अंतर लागते. १ जुलै २०१९ च्या पावसात जयपूरहून आलेले विमान मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि ती काही दिवस बंद राहिली, हे आठवावे.

इंधन मोजूनच भरतात : मुक्कामापर्यंतचे, वाटेतल्या अडचणींचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर ३० मिनिटांचे राखीव. पावसाळ्यात कॅप्टन त्यात आणखी भर घालतो. मुंबई अडली तर अहमदाबाद की आणखी कुठे, हे त्याला उड्डाणाआधीच ठरवावे लागते.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला विमान उतरताना झालेल्या अपघातात २१ जीव गेले. त्या विमानात दुसरीकडे जाण्यापुरते इंधन होते, असे चौकशी अहवाल सांगतो. वेळेत वळण्याचा निर्णय तिथे निर्णायक होता. म्हणून मागणी करायचीच तर ही करावी : विमान दुसरीकडे नेल्याबद्दल कोणत्याही कंपनीने वैमानिकाला जाब विचारू नये.

— एक वाचक, मोखाडा (जि. पालघर)